साखळी विक्रीची पारख

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर भीमेकाठी वसलेले कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातील गाव आता केवळ शेतीवर अवलंबून राहिलेले नाही. सणसवाडी व रांजणगाव येथील कारखानदारीमुळे या परिसराचे अर्थकारण पालटले आहे. कारखान्याचा पगार, खोल्यांचे भाडे, उसाचे बिल आणि बचतगटातील शिल्लक अशा अनेक वाटांनी अशा गावांत रोख पैसा येतो. त्याच्या मागोमाग तो झटपट वाढवून देण्याची आश्वासनेही येतात. आश्वासन देणारा बहुधा परका नसतो. तो भावकीतला असतो, एकाच पाळीत काम करणारा सोबती असतो, क्वचित शाळेतील शिक्षकही असतो. म्हणूनच अशा योजनांची पारख कशी करावी हे गावच्या जाणत्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यापार कोणता, फसवणूक कोणती?

दुकानाशिवाय, वितरकामार्फत ग्राहकाच्या घरी माल विकणे हा गुन्हा नाही. वितरकाने आपल्या हाताखाली दुसरे वितरक नेमणे आणि त्यांच्या विक्रीवर दलाली मिळविणे, यालाही कायद्याची सर्वस्वी मनाई नाही. प्रश्न एवढाच की, मिळणारा पैसा येतो कोठून? तो मालाच्या खऱ्या विक्रीतून येत असेल तर तो व्यापार होय. नव्या सभासदाने भरलेल्या रकमेतून जुन्याला वाटा मिळत असेल, तर ती साखळी योजना होय. मग तिच्यावर साबणाचे, औषधाचे वा दागिन्यांचे कोणतेही वेष्टन असो.

अशा योजनांना आळा घालण्यासाठी १९७८ मध्ये केंद्राने बक्षीस चिट आणि पैसा फिरविणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. संचयिता प्रकरणी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ स्पष्ट केला. सभासद नोंदणीशी निगडित घटनेवर अवलंबून असलेला झटपट पैसा हे अशा योजनेचे मर्म ठरले. या कायद्यान्वये योजना चालविणेच नव्हे, तर तिचा सभासद होणे हादेखील गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते.

साखळी का तुटते?

प्रत्येकाने सहा सभासद आणावेत अशी अट असल्याचे समजू. पहिल्या पायरीवर ६, दुसरीवर ३६, तिसरीवर २१६ असे वाढत जाऊन नवव्या पायरीवर १,००,७७,६९६ माणसे लागतील. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती! साखळी कोठेही थांबली तरी सहापैकी सुमारे पाच सभासद शेवटच्या पायरीवर असतात आणि त्यांच्या खाली कोणीच नसते. त्यांचे नुकसान हा अपघात नव्हे. ते योजनेच्या रचनेतच असते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादर येथील टोरेस या दागिन्यांच्या दालनासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्यास परतावा आणि नवे गुंतवणूकदार आणल्यास जादा लाभ, असे आश्वासन मिळाल्याच्या तक्रारी होत्या. पुढे मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला.

वितरकास काय विचारावे?

केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम जारी केले. त्यांच्या आधारे कोणासही पुढील गोष्टी पडताळून पाहता येतील :

१. सभासद होण्यासाठी प्रवेश शुल्क मागितले जाते काय? थेट विक्रीच्या नियमांत त्यास मनाई आहे.

२. वितरकाजवळ ओळखपत्र व कंपनीशी झालेला लेखी करार आहे काय? पूर्वपरवानगीशिवाय त्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असाही नियम आहे.

३. कंपनीचे भारतात नोंदणीकृत कार्यालय आणि तक्रार निवारण अधिकारी आहे काय? तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत मिळाली पाहिजे.

४. माल परत करण्याची व पैसे परत मिळण्याची रीत लेखी दिली आहे काय?

५. योजनेचा मोह बाजूला ठेवल्यास तोच माल त्याच किमतीस कोणी विकत घेईल काय?

कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र दाखविले जाते, त्याचा अर्थही नीट ध्यानात घ्यावा. त्यावरून कंपनी अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. तिच्या योजनेस शासनाची मान्यता आहे असे नव्हे.

जबाबदारी कोणाची?

गावकरी शिक्षक, ग्रामसेवक वा सरपंच यांच्या शब्दावर विश्वास ठेवतात. साखळीवाल्यांना नेमका तोच हवा असतो. शासकीय व जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करण्यास वर्तणूक नियमांनी बंदी आहे, याचेही विस्मरण होऊ नये. ग्रामपंचायतीचे सभागृह कोणत्याही योजनेच्या मेळाव्यास देण्यापूर्वी वरील पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागवावीत.

शंका आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात वेळीच तक्रार करावी. ठेवी बुडाल्यास ठेवीदारांच्या हितसंरक्षणासाठी राज्याने १९९९ मध्ये केलेला कायदा आहे. परंतु जप्ती, लिलाव आणि वाटप यांत काळ जातो. शिवाय भावकीत एकदा पडलेली फूट कोणत्याही न्यायालयास सांधता येत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारलेला प्रश्नच अधिक मोलाचा ठरतो.