सौम्य लेझर आणि जनुकांची लगबग

खारघरला टाटा मेमोरियलचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणही तिथे होते. प्रत्यारोपणाआधीच्या जबर किमोने तोंड असे सोलवटते की मऊ भातही गिळवत नाही. ते टाळायला जगभर वापरतात तो ६३० ते ६६० नॅनोमीटरचा सौम्य लाल लेझर. ना कापतो, ना भाजतो. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तो प्रकाश शोषते आणि दाहाशी, जखम भरण्याशी संबंधित जनुकांचे काम कमी-जास्त होते. जनुके मात्र जशीच्या तशी राहतात (लोकांचा गैरसमज होतो तो इथेच). बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांना १९६७ मध्ये सौम्य लेझरची करामत प्रथम दिसली ती उंदरांवर: भादरलेले केस भराभर उगवले! या लेझरने कर्करोग बरा होत नाही. तोंड येण्याआधीच लेझर घ्यायचा असतो, म्हणून किमोपूर्वीच डॉक्टरांना विचारा.