सेंट ऑल्बन्सची सिग्नल केबिन

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स सिटी स्टेशनालगत एक दुमजली लाकडी सिग्नल केबिन आहे. मिडलंड रेल्वेने ती १८९२ मध्ये बांधली. १९८० च्या सुमारास तिचा कारभार दूरच्या नियंत्रण केंद्राकडे गेला आणि केबिनला कुलूप लागलं. संरक्षित वास्तू असल्याने ती पाडली गेली नाही, पण लाकूड कुजत राहिलं. या शतकाच्या सुरुवातीला स्थानिक रेल्वेप्रेमींनी विश्वस्त संस्था काढली आणि सुट्टीच्या दिवशी राबून केबिन पुन्हा उभी केली.

वरच्या मजल्यावर ४४ लिव्हरांची रांग आहे. अशा केबिनीत रंगावरून काम कळतं: लाल लिव्हर थांब्याच्या सिग्नलचा, पिवळा आगाऊ इशाऱ्याचा, काळा गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याचा, निळा सांध्याच्या कुलपाचा. पांढरा म्हणजे बिनकामाचा. घामाने मूठ गंजू नये म्हणून लिव्हर फडक्यानेच धरायचा. समोरच्या फळीवरची घंटा शेजारच्या केबिनशी बोलते. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. चार म्हणजे एक्स्प्रेस घेता का? दोन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये शिरली.

खरी करामत पायाखाली असते. तिथे लोखंडी पट्ट्या आणि खाचा अशा गुंफलेल्या असतात की सांधा बसून त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर जागचा हलत नाही. सिग्नल दिल्यावर सांधाही फिरवता येत नाही. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने १८५६ मध्ये अशा यंत्रणेचं पेटंट घेतलं. माणूस थकतो, चुकतो. ती चूक गाडीपर्यंत पोहोचू द्यायची नाही, एवढंच या यंत्रणेचं काम.

ते किती मोलाचं आहे, हे आपण फार मोठी किंमत मोजून पाहिलं. २ जून २०२३ रोजी कोलकात्याजवळच्या शालिमारहून निघालेल्या कोरोमंडल एक्स्प्रेसला ओडिशातल्या बहानगा बाजारला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, पण सांधा बाजूच्या लूप लाइनकडे वळवलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. सिग्नलच्या सर्किटमध्ये झालेल्या चुकीच्या जोडण्या तपासात उघड झाल्या. तत्त्व सॅक्सबीचंच होतं. फक्त ते आता तारांच्या पेटीत आहे, प्रवाशाच्या नजरेआड.

म्हणूनच सेंट ऑल्बन्सच्या स्वयंसेवकांनी नुसती रंगरंगोटी केली नाही, याचं मला मोल वाटतं. ठरावीक रविवारी केबिन उघडते आणि पाहुण्यांना लिव्हरांचं काम समजावून दिलं जातं. लिव्हर अडला की का अडला, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

आपल्याकडे मात्र कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये रस्त्यांवर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. तिथल्या मुलांना लिव्हरची केबिन रोजच्या प्रवासात दिसणार नाही, आणि महाराष्ट्रातही त्या झपाट्याने जात आहेत. केबिन मोडण्याआधी रेल्वेने प्रत्येक विभागात निदान एक लिव्हर फ्रेम चालू स्थितीत राखावी, आणि ती चालवणारे निवृत्त केबिनमन आहेत तोवर त्यांच्याकडून तरुणांनी ते काम शिकून घ्यावं. काचेमागे ठेवलेला लिव्हर काहीच शिकवत नाही.