‘फाइल नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहिले, तर तटाला दार असेल असे वाटत नाही. महाद्वार बुरुजांच्या वळणात दडविलेले आहे. ‘दार दिसत नाही’ हे म्हणणे खरे. ‘दार नाही’ हा निष्कर्ष खोटा. संगणकाच्या तक्रारी वाचतानाही हाच विवेक लागतो.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या जिल्ह्यातील वीजपुरवठा कोलमडला होता. अशा खंडानंतर वीज आली, की ग्रंथालयाचा वा पतपेढीचा संगणक आपोआप कामाला लागला पाहिजे. लिनक्स प्रणालीत ही कामे सुरू करून देणारी एक आज्ञांची फाइल असते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. समजा, सकाळी काम ठप्प आहे आणि संगणकाच्या नोंदीत २०३ हा आकडा व ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ असे वाक्य आहे. पाहावे, तर स्क्रिप्ट जागच्या जागी! मग मनुष्य गोंधळून सारी प्रणाली नव्याने बसवू लागतो, आणि त्या घाईत वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसून बसण्याची भीती असते.

मग नाही ते काय? स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, ती वाचून दाखविणाऱ्या दुभाष्या प्रोग्रॅमचे नाव असते. तो सापडला नाही, तरी लिनक्सचा गाभा २ क्रमांकाचाच दोष कळवितो; आणि स्क्रिप्टच नसली, तरीही तोच. दोन निराळ्या उणिवांना एकच वाक्य!

दुभाष्या तरी का सापडू नये? जुन्या टंकलेखन यंत्रावर ओळ संपली, की गाडा मागे न्यावा लागे आणि कागद वर सरकवावा लागे. दूरमुद्रकात या दोन क्रियांना दोन खुणा आल्या. विंडोजमध्ये त्या दोन्ही राहिल्या. लिनक्सला कागद सरकविण्याची एकच पुरते. म्हणून विंडोजवर दुरुस्त केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली, की गाडा परतविण्याची खूण दुभाष्याच्या नावाला चिकटते. ती डोळ्यांस दिसत नाही. पण तसल्या नावाचा प्रोग्रॅम संगणकात नसतो.

उपाय सोपा आहे. ‘कॅट’ या आज्ञेपुढे उणे चिन्ह व मोठे ‘ए’ लिहून स्क्रिप्ट पाहावी. ओळीच्या शेवटी टोपीसारखे चिन्ह आणि ‘एम’ दिसले, की दोष सापडला. ‘डॉस-टू-युनिक्स’ हा प्रोग्रॅम त्या खुणा काढून टाकतो. खूण नसेल, तर त्या नावाचा दुभाष्या खरोखर जागेवर आहे का, हे तपासावे. दुरुस्तीनंतर संगणक मुद्दाम बंद करून पुन्हा चालू करावा, आणि हे सारे मृगाच्या आधी उरकावे.