काच राहते, काचेखालचं जळतं : फोनची फुटलेली पाठ आणि लेझर



दिवाळीच्या सुट्टीत पुतणी घरी आली होती. अंगणातल्या शहाबादी फरशीवर तिचा आयफोन एक्सआर हातातून निसटला. स्क्रीन शाबूत राहिली, पण पाठीमागच्या काचेवर कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेघा पडल्या. "काकू, चालतोय ना, मग राहू दे," म्हणून तिने दोन दिवस तसाच वापरला. तिसऱ्या दिवशी माझ्या धाकट्याच्या बोटात काचेचं बारीक कुसळ गेलं. ते काढताना घरभर जो आरडाओरडा झाला, त्यानंतर फोन घेऊन आम्ही फलटणच्या बाजारपेठेत गेलो.

दुकानाबाहेर पाटी होती : 'बॅक ग्लास लेझर मशिनने काढून मिळेल'. आत मशिनवर बसलेला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. दहावीला असताना भिंगांच्या धड्यात किरणाकृती काढायला कंटाळा करायचा! आता दिवसभर भिंगाखालीच काम करतो. त्याने फोन मशिनमध्ये ठेवला, काँप्युटरवर मॉडेल निवडलं, आणि काचेखालून बारीक ठिणग्या आणि धूर निघू लागला. गंमत म्हणजे काच जागच्या जागी होती. वितळली नाही, काळी पडली नाही. पुतणीने विचारलं, "काकू, लेझरने काच का नाही जळाली?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरात दहावीच्या विज्ञानाचे दोन-तीन धडे येतात. म्हणून हा लेख.

पाठीला काच मुळात का?

2012 ते 2016 या काळातल्या आयफोनची पाठ बहुतांश ॲल्युमिनियमची होती. पडलं तर पोचा यायचा, कुसळ निघायचं नाही. 2017 मध्ये आयफोन 8 आणि आयफोन टेनपासून पाठीला पुन्हा काच आली. त्याचं मोठं कारण वायरलेस चार्जिंग. चार्जरच्या तबकडीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, फोनच्या पाठीमागेही तसंच एक वेटोळं. एकातली विद्युतधारा सतत बदलत राहिली की भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि दुसऱ्यात विद्युतधारा निर्माण होते. 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यातलं फॅरेडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. मध्ये धातूचा पत्रा आला तर ऊर्जा त्या पत्र्यातच खर्च होते, पत्रा तापतो आणि फोन चार्ज होत नाही. म्हणून पाठ धातूची चालत नाही. (प्लास्टिकची मात्र चालते. काच हवीच होती असं नाही, पण प्लास्टिक हातात 'महाग' वाटत नाही ना!)

ही काच खिडकीच्या काचेसारखी नसते. ती वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात साधारण 400 अंश सेल्सिअसला बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन शिरतात. एस.टी.च्या तीन जणांच्या बाकावरून तीन सडपातळ माणसं उठली आणि तिथे तीन धष्टपुष्ट पैलवान बसले, अशी कल्पना करा. बाक घट्ट दाबला जातो. काचेचा वरचा थर असा दाबाखाली असल्यामुळे चीर पसरायला जागा मिळत नाही. पण एखादा खडा किंवा फरशीची कड त्या पातळ थराच्या पलीकडे पोचली, की आतला ताण मोकळा होतो आणि एका क्षणात जाळं तयार.

मग नुसती काच बदलत का नाहीत?

अडचण गोंदाची आहे. या फोनमध्ये काच नुसती कडेने चिकटवलेली नसते. काचेच्या आतल्या बाजूला रंगाचा थर, त्याखाली गोंद आणि त्याखाली फोनच्या सांगाड्याची धातूची पाटी, असं सगळं एकजीव असतं. त्यात कॅमेऱ्याभोवतीचं धातूचं कडं सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेलं. लेझर येण्याआधी कारागीर काय करायचे? गरम हवेच्या गनने पाठ तापवायची आणि पात्याने एकेक कपची खरवडून काढायची. तासन् तास. कपच्या डोळ्यात उडायच्या, पातं घसरून वेटोळं किंवा बॅटरीची केबल कापली जायची आणि लिथियम बॅटरीला नको तेवढी उष्णता लागायची ती वेगळीच. दुसरा पर्याय म्हणजे फोनचे सगळे भाग काढून नव्या सांगाड्यात बसवायचे. म्हणजे घराच्या एका खिडकीची काच फुटली म्हणून नवं घर बांधून सामान हलवण्यातला प्रकार.

पुढे बनवणाऱ्यांनीच रचना बदलली. 2022 च्या आयफोन 14 मध्ये आणि 2023 च्या आयफोन 15 च्या सगळ्या मॉडेलमध्ये पाठीची काच वेगळी काढता येते. तिथे लेझरची तशी गरज उरलेली नाही. आणि पालकांनी हेही लक्षात ठेवावं, की बऱ्याचशा अँड्रॉइड फोनची पाठ कडेच्या गोंदावर बसवलेली असते. थोडी ऊब दिली आणि प्लास्टिकचं पातळ कार्ड फिरवलं की ती सुटते. अशा फोनसाठी कुणी 'लेझरचे' म्हणून जादा पैसे मागितले तर जरूर विचारा, कशासाठी म्हणून.

आता लेझर

या मशिनमध्ये बहुधा फायबर लेझर असतो. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर. आपल्याला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. म्हणजे हा अवरक्त किरण आहे, डोळ्यांना दिसत नाही. मशिनमध्ये जो लाल ठिपका फिरताना दिसतो, तो किरण कुठे पडणार हे दाखवणारा वेगळा, दुबळा दिवा. मुलं हमखास त्यालाच लेझर समजतात.

1064 नॅनोमीटरच्या प्रकाशाला काच पारदर्शक आहे. किरण काचेतून जवळजवळ काही न करता आरपार जातो. खाली रंगाचा आणि गोंदाचा थर भेटतो, तो मात्र हा प्रकाश शोषून घेतो. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते, थर जळून त्याची वाफ आणि राख होते. काचेला धरून ठेवणारं खाली काही उरतच नाही. म्हणजे लेझर काच कापत नाही, काचेची पकड सोडवतो.

वर्गात हे दाखवायला मशीन नको. एक बहिर्वक्र भिंग, काचेची पट्टी, काळा कागद आणि पांढरा कागद घ्या. भर दुपारी कागदावर काचेची पट्टी ठेवून वरून भिंगाने सूर्यप्रकाश एका बिंदूत आणा. काळा कागद लगेच धुमसायला लागतो, पांढऱ्याला वेळ लागतो. वरची पट्टी वितळत नाही की काळी पडत नाही. प्रकाश जिथे शोषला जातो तिथेच उष्णता होते, हे मुलांना एका मिनिटात पटतं. प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि भिंगातून सूर्याकडे कुणी बघणार नाही याची सक्त ताकीद द्यावी.

इथे आपल्या मातीतली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. फलटणहून बारामती जवळच. त्या बारामतीत 1938 साली जन्मलेल्या कुमार पटेल यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेत बेल लॅबमध्ये 1964 साली कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. लाकूड, ॲक्रिलिक, कापड कापायला आजही तो जगभर वापरतात. पण आपल्या कामाला तो लेझर चालणार नाही! त्याची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर, म्हणजे दहापट. त्या प्रकाशाला काच पारदर्शक नाही, काच स्वतःच तो शोषते. तो किरण मारला तर काच तापेल, तडकेल आणि खालचा गोंद तसाच राहील. 'पारदर्शक' हा शब्द आपण फळ्यावर सहज लिहितो, पण कोणत्या प्रकाशाला पारदर्शक, हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

मशिनची शक्ती बघून पुतणीचा विश्वास बसेना. 20 वॅट. घरातली एलईडी ट्यूबही तेवढीच असते. मग ट्यूबने कागद का जळत नाही? एक कारण म्हणजे ट्यूबचा प्रकाश खोलीभर पसरतो आणि लेझरचा केसाएवढ्या ठिपक्यात गोळा होतो. दुसरं जास्त मजेशीर आहे. हा लेझर सतत चालत नाही, झटके देतो. अशा मशिनच्या नेहमीच्या आवाक्यातले आकडे घेऊ. सेकंदाला 20 ज्यूल ऊर्जा, सेकंदात 20,000 झटके. म्हणजे एका झटक्यात 0.001 ज्यूल. पण तो झटका असतो 100 नॅनोसेकंदांचा, म्हणजे 0.0000001 सेकंदाचा. भागाकार करा : त्या क्षणापुरती शक्ती 10,000 वॅट! झटका इतका छोटा, की थर जळून जातो पण उष्णतेला आजूबाजूला पसरायला फारसा वेळ मिळत नाही. म्हणून शेजारची बॅटरी तव्यावर ठेवल्यासारखी तापत नाही. नववी-दहावीला घातांक शिकवताना हे गणित जरूर द्या.

किरण फिरवण्याचं काम दोन छोटे आरसे करतात. एक आडवा, एक उभा. काँप्युटर ते वळवतो आणि ठिपका शेतात नांगर फिरावा तसा ओळीने फिरतो. कॅमेऱ्यावर धातूचं झाकण ठेवायचं, कारण किरण भिंगातून आत गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सर संपला. धातूच्या पाटीला मधोमध जे मोठं भोक असतं, तिथे चार्जिंगचं वेटोळं असतं. तिथे किरण जपून चालवावा लागतो. भिंगाची उंचीही जुळवावी लागते. नाभी वर-खाली झाली की ठिपका पसरतो आणि गोंद अर्धाच जळतो. किरणाकृतींचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याने हे मला अगदी बिनचूक समजावून सांगितलं.

नंतर त्याने पात्याने काच उचलली, उरलेला गोंद खरवडला, नवी काच गोंद लावून बसवली आणि चिमटे लावून फोन बाजूला ठेवला.

मला खटकलं ते

मशिनला दार होतं, पण ते उघडं होतं. धूर साठतो म्हणून. आणि आमचा विद्यार्थी उघड्या दारातून वाकून, उघड्या डोळ्यांनी आत बघत होता. मी म्हटलं, "अरे, गॉगल?" त्याने ड्रॉवरमधून काळा गॉगल काढला. जत्रेत मिळतो तसला. "आहे की मॅडम. पण काय होत नाही, डोळ्याला काहीच लागत नाही."

लागत नाही, हाच तर धोका आहे. आपल्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणाचा मोतीबिंदूनंतर पडदा धूसर झाला असेल तर डॉक्टरांनी 'याग लेझर' केलेला असतो. तोही 1064 नॅनोमीटरचाच. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग ओलांडून तो आत पोचतो म्हणूनच ते उपचार जमतात. आणि म्हणूनच दुकानातला किरणही बुबुळातून आरपार जातो. फोनची काच जशी त्याला अडवत नाही, तशीच डोळ्याची काचही नाही. उलट डोळ्याचं भिंग त्याला दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करतं, कागदावरच्या ऊन्हासारखं. दिसणारा झगझगीत प्रकाश असेल तर पापणी आपोआप मिटते. हा दिसतच नाही, तर पापणी मिटणार कशी? दृष्टिपटलाला वेदनाही कळत नाही. थेट आत बघितलं नाही तरी फोनच्या चकचकीत कडेवरून परावर्तित झालेला किरण पुरतो.

काळ्या गॉगलने दिसणारा प्रकाश कमी होतो, 1064 नॅनोमीटरचा अडेलच असं नाही. शिवाय काळोखात बाहुली मोठी होते, म्हणजे किरणाला दार आणखी उघडं. लेझरचा खरा गॉगल वेगळा असतो. तो कोणत्या तरंगलांबीला अडवतो आणि किती प्रमाणात, हे त्याच्यावरच छापलेलं असतं. तिथे 1064 हा आकडा त्यात आलाच पाहिजे. आणि धुरासाठी दार उघडणं हा उपाय नव्हे, धूर ओढून घेणारा पंखा आणि गाळणी लागते. जळलेल्या रंगाचा आणि गोंदाचा तो धूर दिवसभर छातीत भरतो.

मालक म्हणाले, "मॅडम, मशिनबरोबर जे आलं तेच वापरतो आम्ही." मी वाद घातला नाही. विद्यार्थ्याला कागदावर '1064' लिहून दिलं आणि सांगितलं, गॉगल घेताना हा आकडा बघूनच घे. तोपर्यंत दार लाव आणि तोंड तिकडे कर. त्याने कागद खिशात ठेवला.

तुमच्या फोनची पाठ फुटली तर

आधी रुंद चिकटपट्टी लावा आणि कव्हर घाला, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. आतल्या माहितीची प्रत काढून ठेवा. दुकानात जाऊन विचारा, की तुमच्या मॉडेलला लेझर खरंच लागतो का, आणि काम झाल्यावर कॅमेरा, फ्लॅश, वायरलेस चार्जिंग समोर तपासून देणार का. काच बसवल्यावर फोन पूर्वीसारखा पाणीरोधक राहील असं कुणी म्हटलं तरी पावसात भरवसा ठेवू नका. मशीन चालू असताना तुम्ही आणि मुलांनी काउंटरजवळ उभं राहून आत डोकावू नका. 'बघू दे ना, शिकेल काहीतरी' हे इथे नको.

पुतणीचा फोन चांगला झाला. वायरलेस चार्जिंग होतं, फोटो स्वच्छ येतात. नव्या काचेचा लाल रंग जुन्यापेक्षा किंचित फिका आहे, हे तिने पहिल्या पाच मिनिटांत शोधून काढलं. मी पुढच्या शनिवारी पुन्हा दुकानावरून गेले. मशिनचं दार बंद होतं, गॉगल मात्र अजून तोच काळा. मालकांना म्हटलं, मागवलात का? म्हणाले, "सांगितलंय, येईल." परत जाणार आहे.