कांदळवन राखायचं कोणी?

कांदळवनाच्या तोडीची बातमी आली की पहिलं बोट खाडीकाठच्या गावांकडे जातं. सरपणासाठी तिवरं तोडली जातात, हे खोटं नाही. पण मुंबईच्या आसपासचं कांदळवन मुख्यतः भरावाखाली, डेब्रिजखाली आणि प्रकल्पांखाली गेलं. एकट्या बुलेट ट्रेनसाठी सुमारे २० हजार झाडं तोडायला २०२२ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. एवढं सरपण कुठल्या चुलीला लागतं?

‘सातबारा माझा, मग तिवरंही माझी’ हा समजही चुकीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर तोडीला बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. जमीन सरकारी असो वा खाजगी, कांदळवनात आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात न्यायालयाच्या परवानगीशिवाय भराव-बांधकाम चालत नाही.

कायदा इतका कडक, मग लोकांना विचारायचं कशाला? उत्तर रायगडच्या खारेपाटात मिळेल. तिथे खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड जाते, दुरुस्ती रखडते, भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं आणि काही वर्षांत त्याच शेतात तिवरं उभी राहतात. बांध खारभूमी विभागाचा, झाडं वनविभागाची, नुकसान मात्र शेतकऱ्याचं. त्याला पर्यावरणाचा शत्रू ठरवणं सोपं आहे. बांध वेळेत बांधून देणं तेवढं जमत नाही.

लोकसहभाग म्हणजे चिखलात रोप लावतानाचा फोटो नव्हे. भरतीचं पाणी खेळत नसेल तर लावलेली रोपं मरतात. पाण्याची वाट मोकळी केली, की जवळच्या झाडांचं बी वाहत येऊन बऱ्याचदा आपसूक रुजतं. ती वाट कुठे अडली, हे तिथे रोज जाळं टाकणाऱ्या कोळ्याला ठाऊक असतं. नियोजनाच्या बैठकीला मात्र त्याला क्वचितच बोलावणं जातं.

लोकांना सोबत घेण्याची चौकट मात्र आहे. वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या उपजीविका योजनेत गावोगाव सहव्यवस्थापन समित्या आल्या. खेकडे, कालवं, शोभिवंत मासे पाळायला गटांना ९० टक्के, तर एकट्याला ७५ टक्के अनुदान ठरलं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. झाडं उभी आहेत म्हणून त्यांना मिळकत आहे.

तुमचं गाव खाडीकाठी असेल तर ग्रामपंचायतीत विचारा: आपल्याकडे अशी सहव्यवस्थापन समिती आहे का, आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?