चेटूक, ड्रॅगन आणि तेरा वर्षांची मुलगी

"अगं, एवढी घोडी झालीस, अजून जादूच्याच गोष्टी वाचतेस?" हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडून गेलं असेल! मुलगी तेरा-चौदा वर्षांची झाली, की तिनं अभ्यासाचं वाचावं, फार तर थोरामोठ्यांची चरित्रं वाचावीत, अशी आपली अपेक्षा. आणि बघावं तर कन्यारत्न चेटकिणी नि ड्रॅगन यांची जाडजूड कादंबरी उशीखाली दडवून बसलेलं!

भगिनींनो, पुस्तक काढून घेण्याआधी एक गंमत ऐका. या जातीची काही गाजलेली पुस्तकं मुलांच्याच शिफारशीनं छापली गेली आहेत. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन यांच्या 'हॉबिट'चं हस्तलिखित १९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे आलं. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं आणि अभिप्राय लिहिल्याबद्दल त्याला एक शिलिंग दिला. चिरंजीवांनी पसंती कळवली आणि १९३७ मध्ये पुस्तक निघालं. 'हॅरी पॉटर'चं बाड तर बारा प्रकाशकांनी परत केलेलं. तेराव्याच्या घरी आठ वर्षांच्या लेकीनं पहिलं प्रकरण वाचलं आणि "पुढचं कुठाय?" म्हणून वडिलांच्या मागं लागली. ते पुस्तक १९९७ साली आलं. मराठीतही ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं मिळतं.

तेव्हा मुलांचं मत अगदीच टाकाऊ नसतं. पण म्हणून सगळंच सगळ्यांना द्यावं असंही नाही हं. 'हॅरी पॉटर'चे पहिले दोन भाग दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी खुशाल वाचावेत. तिसऱ्यात माणसाचा सगळा आनंद शोषून घेणारे भयंकर पहारेकरी येतात (त्यावर उतारा काय, तर चॉकलेट! मुलांना हे बरोब्बर लक्षात राहतं), आणि चौथ्याच्या शेवटी एका विद्यार्थ्याचा खून होतो. रात्री दचकून उठणारं मूल असेल, तर चौथा भाग दोन वर्षं कपाटात राहिला तरी काही बिघडत नाही. इथं वयापेक्षा मुलाचा स्वभाव पाहायचा, आणि तो आईइतका कोण ओळखणार?

आता माझी स्वतःची आवड सांगते. डायना विन जोन्स या बाईंची 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' ही १९८६ ची कादंबरी. तिची कल्पनाही एका शाळकरी मुलानंच बाईंना सुचवली होती. नायिका सोफी तीन बहिणींत थोरली. आपल्या कहाण्यांत जशी नावडती राणी, तशी त्या देशात थोरली मुलगी, तिच्या नशिबी अपयशच यायचं! बिचारी घरच्या दुकानात टोप्या शिवत बसते. एक चेटकीण तिला शाप देते आणि सोफीची एका क्षणात म्हातारी होते. इथून खरी बहार आहे. तरुणपणी तोंडातून शब्द न काढणारी ही मुलगी म्हातारी झाल्यावर बेधडक बोलायला लागते. एका नटव्या जादूगाराच्या चालत्या वाड्यात शिरते आणि आपणहून झाडलोट करायला घेते. जाळीजळमटं काढते, चुलीतल्या कुरकुऱ्या अग्निराक्षसाला दटावून त्याच्या डोक्यावर तवा ठेवते. जादूगार मात्र तासन् तास न्हाणीघरात! केसांचा रंग बिघडला म्हणून त्यानं घातलेला धिंगाणा वाचताना मला हसू आवरेना. लेकीला यात जादू दिसेल. आपल्याला मात्र मनातलं बोलायला म्हातारपण यावं लागलेली मुलगी दिसते, आणि जीव जरा गलबलतो.

घरात हट्टी, 'मीच शहाणा' म्हणणारा मुलगा असेल, तर अर्सुला ल गुइन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) द्या. पुस्तक आटोपशीर आहे. बढाई मारण्याच्या नादात एक पोरगा भलतीच काळी छाया जगात सोडतो आणि मग ती त्याच्याच पाठीस लागते. यातला नायक तांबूस-सावळ्या रंगाचा आहे, लेखिकेनं मुद्दाम तसा केलेला. गोऱ्यापान राजपुत्रांना कंटाळलेल्या मुलांना हे आवडेल.

ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत वाचावी लागली, तरी अडून बसू नका. लेकीलाच रात्री दोन पानं मोठ्यानं वाचून अर्थ सांगायला लावा. आणि पुस्तक संपल्यावर "यातून काय शिकलीस?" एवढं मात्र विचारू नका. "तुला कोणाचा राग आला?" असं विचारलंत, तर मुलगी तासभर बोलेल.