कार्डावर कोणी लिहायचं?

एप्रिल २०१४मध्ये एचपी कंपनीने प्रोलायंट सर्व्हरच्या ग्राहकांसाठी एक सूचनापत्र काढलं. दुसऱ्या ते सातव्या पिढीतल्या ज्या सर्व्हरांत ब्रॉडकॉमच्या चिपांवर बांधलेली नेटवर्क कार्डं आहेत, त्यांचं फर्मवेअर फेब्रुवारीत आलेल्या सर्व्हिस पॅकमधून बदलू नका, असा त्याचा मथितार्थ. ते फर्मवेअर चढवल्यावर काही कार्डं कायमची बंद पडत होती. ज्यांनी ते आधीच चढवलं होतं त्यांना सॉफ्टवेअरच्या वाटेने परतायची सोय नव्हती. हार्डवेअर बदलणं एवढाच उपाय. बाधित कार्डांच्या यादीत मदरबोर्डवर जडवलेली कार्डंही होती. तिथे जुनं काढून नवं खोचण्याचाही प्रश्न नव्हता.

या प्रकारात हल्लेखोर कोणी नव्हता, आणि ऐनवेळी वीज गेली असंही नाही. निर्मात्याने दिलेली फाइल, निर्मात्याच्याच साधनाने, निर्मात्याच्याच यंत्रावर लिहिली गेली होती. सॉफ्टवेअर बिघडलं तर जुनी प्रत पुन्हा चढवता येते, या भरवशावर संगणकाचं सगळं जग चालतं. कार्डाच्या पोटातल्या फर्मवेअरला तो भरवसा लागू पडेलच असं नाही. जुनी प्रत आत घ्यायची तर ती घेणारा प्रोग्राम शाबूत लागतो, आणि इथे नेमका तोच बिघडलेला असतो.

म्हणून सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर बदलताना ‘नवी आवृत्ती कोणती’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. या जागेवर लिहायचा अधिकार कोणाला, आणि लिहिलेलं चुकलं तर मागे येता येतं का, हे दोन प्रश्न मुख्य. पहिल्याचं उत्तर या उद्योगाने हळूहळू पक्कं करत आणलं. दुसरा मात्र अजून बऱ्याच अंशी ज्याचा त्याने सोडवायचा आहे.

कार्डावरचा संगणक

नेटवर्क कार्डाला स्वतःचा प्रोग्राम कशाला हवा? उत्तर वेगाच्या हिशोबात आहे. सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या ईथरनेटच्या तारेवर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटची पाकिटं सलग आली तर ती सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून अधिक भरतात. एका पाकिटाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद येतात. १०० गिगाबिटवर हा वेळ ६.७ नॅनोसेकंदांवर उतरतो. सर्व्हरच्या मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणायलाच शंभरेक नॅनोसेकंद जातात. प्रत्येक पाकिटासाठी मुख्य प्रोसेसरला उठवायचं ठरवलं तर दुसरं काहीच होणार नाही.

म्हणून बेरजा तपासणं, मोठ्या मजकुराचे पाकिटांएवढे तुकडे करणं, एका यंत्रावरच्या अनेक आभासी सर्व्हरांत पाकिटं वाटणं ही कामं कार्डाकडे गेली. त्यातली काही पक्क्या सर्किटांत कोरलेली असतात, बाकीची कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरांकडून करून घेतली जातात. सर्व्हरांत सर्रास आढळणाऱ्या ब्रॉडकॉमच्या बीसीएम ५७१९ या चार पोर्टांच्या चिपेत प्रत्येक पोर्टासाठी एक मिप्स प्रोसेसर आहे, आणि देखरेखीसाठी वेगळा आर्म प्रोसेसर. या सगळ्यांचा प्रोग्राम शेजारच्या फ्लॅश चिपेत असतो.

त्याच फ्लॅशमध्ये आणखीही बरंच काही राहतं. नेटवर्कवरून सर्व्हर सुरू करण्यासाठी लागणारा बूटकोड, कारखान्यात ठरवलेल्या जोडण्या, आणि कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता. या पत्त्याचे पहिले २४ बिट आयट्रिपलई ही संस्था निर्मात्याला देते, उरलेले निर्माता प्रत्येक कार्डागणिक वेगळे भरतो. फर्मवेअर बदलताना प्रोग्राम नवा लिहायचा, पण पत्त्याला हात लावायचा नाही. हे शस्त्रक्रियेइतकं नाजूक काम साधन आपोआप करतं, त्यामुळे त्याचा नाजूकपणा कोणाच्या ध्यानात येत नाही.

फर्मवेअरने स्वतःहून घेतलेले निर्णय कधीकधी वरच्या सॉफ्टवेअरला ठाऊकच नसतात. इंटेलच्या ७०० मालिकेतल्या कार्डांचं उदाहरण नेटवर्क सांभाळणाऱ्या अनेकांना पाठ आहे. शेजारचा स्विच ‘मी अमुक, माझा पोर्ट तमुक’ असं सांगणारी एलएलडीपीची पाकिटं पाठवतो. या कार्डांचं फर्मवेअर ती स्वतःच वाचून गिळून टाकत असे, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचूच देत नसे. तार जोडलेली, दिवा हिरवा, आणि शेजाऱ्याचा पत्ता नाही. पुढे ड्रायव्हरमधूनच फर्मवेअरची ही सवय बंद करायची सोय द्यावी लागली.

छिद्रांपासून फ्लॅशपर्यंत

यंत्राच्या पोटातला हा प्रोग्राम सुरुवातीला जवळजवळ अचल होता. प्रोसेसरचं नियंत्रण तारांच्या गुंत्याऐवजी साठवलेल्या सूक्ष्म आज्ञांनी करावं, ही कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९५१मध्ये मँचेस्टरला मांडली. आयबीएमने १९६४मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम ३६० मालिकेत ती मोठ्या प्रमाणावर आली. मॉडेल ३०मध्ये या आज्ञा पंच कार्डाच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांवर छिद्रांच्या रूपात होत्या. आज्ञा बदलायची तर माणसाने जाऊन पत्रे बदलायचे. ‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात वापरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर प्रोसेसरच्या पोटातल्या अशाच सूक्ष्म आज्ञा होत्या.

१९७१मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम आणली. या चिपेवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. अतिनील प्रकाश आत सोडला की मजकूर पुसला जाई, मग नवा भरायचा. त्यासाठी चिप सॉकेटातून उपटून काढावी लागे, म्हणजे यंत्राशी हातांनी झटापट केल्याशिवाय लेखन अशक्य. मग तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये फ्लॅश मेमरी मांडली. आता चिप जागेवर ठेवून, नुसत्या विजेने पुसता-लिहिता येऊ लागलं.

सोय प्रचंड झाली. पण तोवर लेखनाचा अधिकार आपोआप मर्यादित होता: ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर तो लिहिणार. फ्लॅशने ही मर्यादा उठवली आणि तिच्या जागी लगेच दुसरी घातली नाही. पुढच्या तिन्ही घटना या मोकळ्या जागेतल्या आहेत.

अनाहूत, आगंतुक आणि अजाण

पहिली घटना सप्टेंबर २००८मधली, लिनक्सच्या २.६.२७ या येऊ घातलेल्या आवृत्तीची. चाचणी घेणाऱ्यांच्या लॅपटॉप-डेस्कटॉपमधली इंटेलची नेटवर्क कार्डं मरू लागली. त्यांच्या फ्लॅशमधला मजकूरच विस्कटत होता. साहजिक संशय ई-१०००-ई या ड्रायव्हरवर गेला, पण दोषी निघाला त्याच्याशी काही संबंध नसलेला भाग. कर्नलच्या कामाचा माग घेणारी एफट्रेस नावाची यंत्रणा प्रोग्रामच्या ठरावीक जागा लक्षात ठेवून नंतर तिथे दुरुस्ती करी. दरम्यान काही जागा मोकळ्या होत, आणि तोच पत्ता नेटवर्क कार्डाच्या फ्लॅशला दिला जाई. एफट्रेस तिथे जाऊन आधी तुलना करी आणि जुळलं तरच बदल. पण ती वापरत असलेल्या सूचनेची खोड अशी की तुलना फसली तरी प्रोसेसर त्या पत्त्यावर लेखनाची क्रिया करतोच. साध्या मेमरीत त्याने बिघडत नाही, फ्लॅशवर बिघडलं. एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रॉस्टेट यांनी हा सगळा उलगडा नंतर स्वतः लिहून प्रसिद्ध केला. ड्रायव्हरने सुरुवातीलाच फ्लॅशला लेखनबंदी करावी, ही साधी तरतूद या प्रकरणानंतर आली.

दुसरी घटना २०१०ची. फ्रान्सच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेतले लोइक द्युफ्लो आणि इव्ह-अलेक्सिस पेरेझ यांनी व्हँकुव्हरच्या कॅनसेकवेस्ट परिषदेत दाखवलं, की ब्रॉडकॉमच्या काही नेटएक्स्ट्रीम कार्डांत दूरवरून देखरेख करण्याची एएसएफ ही सोय चालू असेल, तर मुद्दाम बिघडवलेली पाकिटं पाठवून कार्डाच्या प्रोसेसरवर परक्याचा प्रोग्राम चालवता येतो. ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ता लागत नाही, अँटिव्हायरसची नजर तिथवर पोचत नाही, आणि कार्डाला यंत्राच्या मेमरीत थेट ये-जा असते. दुरुस्ती फर्मवेअर बदलूनच झाली. जे अद्ययावत करायला आपण घाबरतो, ते न करणंही धोक्याचंच होतं.

तिसरी २०१३ची, आणि ती तर गुप्तहेरकथेत शोभावी अशी. इंटरनेट टेलिफोनीच्या क्षेत्रातले क्रिस्टियन कीलहॉफ्नर यांच्या यंत्रांवरची इंटेल ८२५७४एल कार्डं अधूनमधून गप्प होत, आणि यंत्राची वीज तोडून जोडल्याशिवाय जागी होत नसत. शोध घेता घेता ते एका बाइटपर्यंत पोचले. पाकिटातल्या ठरावीक ठिकाणी, सुरुवातीपासून ११५१ बाइट पुढे, ‘२’ हे अक्षर आलं की कार्ड मरत होतं. तिथे दुसरं एखादं अक्षर आधी येऊन गेलं की तेच कार्ड पुढे सुरक्षित राही. इंटेलने खुलासा केला की दोष चिपेचा नाही. एका मदरबोर्ड निर्मात्याने कार्डाच्या ईईप्रॉम या विजेने लिहिता येणाऱ्या मेमरीत चुकीचा मजकूर भरला होता.

म्हणजे एकदा कोणाच्या मनात नसताना लिहिलं गेलं, एकदा परक्याला शिरकाव करता आला, आणि एकदा ज्याला अधिकार होता त्यानेच चुकीचं लिहिलं.

सहीने काय सुटतं

यातल्या पहिल्या दोन प्रकारांवर उद्योगाने चांगला तोडगा काढला आहे. आजच्या सर्व्हर कार्डांत फर्मवेअरच्या फाइलवर निर्मात्याची डिजिटल सही असते, आणि ती जुळली नाही तर कार्ड फाइल नाकारतं. चांगल्या कार्डांत फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवायला जागा असते. नवी प्रत रिकाम्या कप्प्यात पूर्ण लिहायची, तपासायची, आणि शेवटी फक्त ‘यापुढे ही वापरा’ असा खुणेचा शब्द बदलायचा. मध्येच वीज गेली तर जुनी प्रत जागेवरच असते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने मे २०१८मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फर्मवेअरसाठी तीन अपेक्षा नोंदवल्या: संरक्षण, बिघाडाचा शोध, आणि पूर्ववत होणं.

तिसरी अपेक्षा सगळ्यात अवघड. सही एवढंच सांगते की फाइल निर्मात्याकडून आली. ती बरोबर आहे, हे सही सांगू शकत नाही. २०१४ची ती फाइल कितीही कडक सह्यांतून सुखरूप पुढे गेली असती. शिवाय सुरक्षेच्या कारणाने आता काही कार्डं जुन्या, भेद्य आवृत्तीवर परत जाऊ देत नाहीत. हल्लेखोराची वाट बंद करताना मालकाचीही बंद होते.

रात्रीच्या पाळीतलं काम

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरांची दाटी झाली आहे. पुण्यात सी-डॅकच्या परम सिद्धी-एआय या महासंगणकाने नोव्हेंबर २०२०च्या जागतिक यादीत ६३वं स्थान मिळवलं. त्याचे भाग मेलॅनॉक्सच्या इन्फिनिबँड कार्डांनी जोडलेले आहेत. अशा ठिकाणी फर्मवेअर बदलणं हे चेंज विंडोतलं, म्हणजे बदलांसाठी राखून ठेवलेल्या वेळेतलं, बहुधा मध्यरात्रीचं काम.

ते शहाणपणाने करणारे पहिल्यांदा नोंद घेतात. लिनक्सवर ईथटूल ही आज्ञा ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्हींच्या आवृत्त्या दाखवते. या दोघांची जोडी जमावी लागते. इंटेलचा ड्रायव्हर तर फर्मवेअर अपेक्षेपेक्षा नवं किंवा जुनं असल्याची तक्रार लॉगमध्ये लिहून ठेवतो. मग कार्डाची जात तपासायची. तीच मेलॅनॉक्सची चिप डेल, एचपीई किंवा लेनोवोच्या नावाने आली की तिचा पीएसआयडी हा ओळखक्रमांक वेगळा असतो, आणि साधन परकं फर्मवेअर घ्यायला नकार देतं. नकार डावलायचा पर्याय साधनात असतो; तो वापरणाऱ्याने परिणामांची जबाबदारीही घ्यावी.

त्यानंतर जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवायची, सर्व्हरवरचं काम दुसरीकडे हलवायचं, आणि यंत्रापर्यंत पोचायची दुसरी वाट उघडी आहे ना हे पाहायचं. इथे अनेकजण फसतात. सर्व्हरची दूरदेखरेख करणारी बीएमसी ही चिप पुष्कळदा त्याच नेटवर्क कार्डाचा पोर्ट वाटून घेते. कार्ड रीसेट झालं की देखरेखीची वाटही त्याच क्षणी तुटते. बीएमसीला स्वतंत्र पोर्ट देणं हा खर्च फार थोड्या पैशांचा आहे.

दोन कार्डं एकमेकांना पर्याय म्हणून जोडली असतील, तर दोन्हींना एकाच रात्री नवं फर्मवेअर देणं म्हणजे पर्यायच काढून घेणं. आधी एक सर्व्हर, काही दिवस निरीक्षण, मग एक रॅक, मग बाकीचे. आणि शेवटची खबरदारी: नुसता रीस्टार्ट पुष्कळदा पुरत नाही. सर्व्हर बंद असतानाही कार्डाला थोडी वीज मिळत राहते. त्यामुळे जुना प्रोग्राम आतच चालू राहतो आणि दोन्ही पॉवर केबल काढल्यावरच नवा सुरू होतो.

निविदेतली जागा

एवढी जोखीम आहे तर ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे धोरण बरं, असं वाटू शकतं. नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीईने त्याला चोख उत्तर दिलं, नकळत. काही एसएसडी डिस्क ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, डेटासकट निकामी होतील आणि नवं फर्मवेअर चढवणं हाच बचाव, असं कंपनीने कळवलं. हे आकडे नेटवर्क कार्डाचे नव्हेत, पण धडा तोच. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकाच तासाला जातात, मग जोडीला ठेवलेली दुसरी डिस्क काय कामाची?

अद्ययावत करणं जोखमीचं, न करणंही जोखमीचं. मग निर्णय मालकाच्या हाती हवा. तो नेहमी असतोच असं नाही. फेब्रुवारी २०१४मध्येच एचपीने प्रोलायंटचे सर्व्हिस पॅक आणि बायोसच्या नव्या आवृत्त्या वॉरंटी किंवा सेवाकरार असलेल्यांपुरत्या मर्यादित केल्या होत्या. दुसऱ्या टोकाला टॅलोस २ या यंत्रासाठी स्वतंत्र अभियंत्यांनी ब्रॉडकॉमच्या बीसीएम ५७१९ चिपेचं फर्मवेअर उघड्या रूपात नव्याने लिहिलं. मालकाला स्वतः लिहिता येणं शक्य आहे, हे त्यांनी सिद्ध केलं. मात्र ते फार थोड्या चिपांच्या वाट्याला आलं.

आपल्याकडे सरकारी संस्था, बँका, विद्यापीठं सर्व्हर निविदेने घेतात. त्या निविदांत प्रोसेसर, मेमरी, पोर्टांचा वेग यांचे रकाने काटेकोर असतात. फर्मवेअर किती वर्षं मिळेल, करार संपल्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील का, आधीच्या आवृत्तीवर परतता येईल का, आणि निर्मात्याच्या फाइलने कार्ड मेलं तर भरपाई कोण देईल, हे चार रकाने तिथे वाढवायला हवेत. सही निर्मात्याची असू दे. लिहायची वेळ आणि मागे फिरायचा अधिकार यंत्राच्या मालकाचा असावा. खरेदीच्या कागदावर तो मागितला तर निदान वाटाघाट होते. रॅकमध्ये यंत्र चढल्यावर तीही होत नाही.